बंद करताना कुणाला विचारलं?

शहाडहून मुंबईकडची लोकल पकडली की पुढचं स्टेशन कल्याण. त्या कल्याणात तृतीयपंथीयांसाठी एक दवाखाना चालायचा. 2025 च्या सुरुवातीला तो बंद पडला. डॉक्टर होते, औषधं होती, पेशंट तर होतेच. हुकूम मात्र वॉशिंग्टनहून आला.

'मित्र क्लिनिक' त्याचं नाव. पहिलं हैदराबादला 2021 मध्ये उघडलं. कल्याण आणि पुण्यातही तशीच केंद्रं होती. एचआयव्हीची तपासणी, उपचार, हार्मोनच्या औषधांबद्दल सल्ला, मन मोकळं करायला समुपदेशक, कागदपत्रांसाठी कायद्याची मदत. काम करणारे बरेचसे त्याच समाजातले. पैसा अमेरिकी सरकारच्या यूएसएडचा, प्रकल्प जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा.

20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याच दिवशी परदेशी मदत 90 दिवस गोठवण्याचा आदेश निघाला. आढावा घेऊ, मग ठरवू, असं कागदावर होतं. दवाखान्याचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, पगारही. नव्वद दिवस कोण कळ काढणार?

तिन्ही केंद्रांची दारं लागली.

ज्यांचे उपचार अर्धवट राहिले, त्यांच्यापैकी एकालाही अमेरिकेत मतदान करता येत नाही. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची गरज आहे, असं कुणाला वाटलंही नाही.

परदेशी मदतीवर आपल्याकडे जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा तो रकमेवर होतो. किती दिले? कुणी दिले? बदल्यात काय मागितलं? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्याआधी एक प्रश्न विचारा. ही मदत बंद करायची झाली, तर देणाऱ्याला कुणाची परवानगी लागते?

उत्तर 'कुणाचीच नाही' असं असेल, तर त्या मदतीवर संसार मांडू नये.

'पैसा त्यांचा, त्यांनी थांबवला, तुमचं काय गेलं?' असं म्हणणारे भेटतात. पैसा त्यांचाच होता. पण एचआयव्हीचं औषध रोज घ्यावं लागतं, आयुष्यभर घ्यावं लागतं. ते सुरू करून देणारा माणूस मध्येच हात झटकून निघून गेला, तर त्याने आपला पैसा वाचवला असं म्हणायचं की दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला असं?

मी यातलं दुसरं म्हणेन.

अमेरिकेचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. जॉर्ज बुश यांनी 2003 मध्ये पेपफार नावाची एड्सविरोधी योजना सुरू केली. या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले, असं अमेरिकी सरकारच सांगत आलं आहे. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्याच राष्ट्राध्यक्षाने आफ्रिकेतल्या लाखो घरांत औषध पोचवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

आणि मग वीस-बावीस वर्षांची घडी काही आठवड्यांत विस्कटली. मार्चपर्यंत यूएसएडचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी जाहीर केलं. 1 जुलै 2025 पासून यूएसएड ही संस्थाच उरली नाही. हे तुटलेले कार्यक्रम पुन्हा उभे राहिले नाहीत, तर 2030 पर्यंत 1 कोटी 40 लाखांहून जास्त मृत्यू अधिकचे होऊ शकतात, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला. अंदाज आहे, मान्य. निम्मा खरा ठरला तरी पुरे नाही का?

दुबईच्या गोदामात उपाशी मुलांसाठीची सुमारे 500 टन पौष्टिक बिस्किटं पडून होती. वाटायला माणसं उरली नव्हती, परवानगी द्यायला अधिकारी उरले नव्हते. जुलैमध्ये त्यांची मुदत संपत आली. मग ती जाळायचं ठरलं.

जाळण्यासाठी मात्र पैसे निघाले.

अमेरिकेतल्या सामान्य माणसाला विचारलं की सरकारच्या खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर तो सरासरी पाव हिस्सा सांगतो. पाहण्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास आहे. चोवीस टक्क्यांचा हा गैरसमज कुणी दूर केला नाही, कारण तो निवडणुकीत कामाला येतो.

आपल्याकडचा गैरसमजही बघू. त्याआधी आपली जबाबदारी बघू.

कल्याणच्या दवाखान्याचा खर्च अमेरिकेने का करावा? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 2019 मध्ये संसदेने कायदा केला. त्याच्या 15 व्या कलमात सरकारवर जबाबदारी टाकली आहे: एचआयव्हीची वेगळी तपासणी केंद्रं, हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन. महाराष्ट्राने 2020 मध्ये तृतीयपंथीयांसाठी मंडळही नेमलं.

म्हणजे कायदा दिल्लीचा, मंडळ मुंबईचं आणि भाडं भरणार वॉशिंग्टन.

हैदराबादचं केंद्र टाटा ट्रस्ट्सच्या आधाराने नव्या नावाने पुन्हा उघडलं. चांगलं झालं. पण कायद्याने जे सरकारवर सोपवलं आहे, ते एकदा परदेशी करदात्याने करायचं आणि त्याने सोडलं की देशी दात्याने उचलायचं, असं किती दिवस चालणार? कलम 15 मध्ये टाटांचं नाव नाही.

या क्षेत्रात आपल्याला जमलेली गोष्टही सांगायला हवी. देशाचा एड्स नियंत्रण कार्यक्रम 1992 मध्ये सुरू झाला तो जागतिक बँकेच्या 8.4 कोटी डॉलरच्या कर्जावर. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीचं औषध मोफत मिळू लागलं. 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने 15,471 कोटींहून अधिक रक्कम आपल्या तिजोरीतून ठेवली. ट्रम्प यांची सही झाल्यानंतर आफ्रिकेतल्या अनेक दवाखान्यांत औषधाची भ्रांत पडली. आपल्या सरकारी केंद्रांवरच्या गोळ्या सुरू राहिल्या.

जे आपल्या अंदाजपत्रकात आलं ते टिकलं, जे बाहेर राहिलं ते तुटलं.

हात काढून घेण्याचीही रीत असते. गेट्स फाउंडेशनने 2003 मध्ये 'आवाहन' प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रासह सहा राज्यांत, एचआयव्हीचा धोका सर्वांत जास्त असलेल्या वस्त्यांत काम केलं. नंतर तो सरकारकडे सोपवला. एका रात्रीत नाही, टप्प्याटप्प्याने, काही वर्षं घेऊन. आधी माणसं तयार केली, मग खर्च सरकारी पद्धतीत बसवला, मग बाजूला झाले.

ब्रिटननेही भारताला आधी कळवलं होतं. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की 2015 नंतर अनुदान नाही. तीन वर्षांची मुदत दिली, तोवर हाती घेतलेली कामं पुरी करायची ठरली. त्या ब्रिटनशी आपले जुने हिशेब भरपूर आहेत. पण या एका बाबतीत त्यांनी जे केलं ते रीतसर होतं.

त्याच ब्रिटनने 2015 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत देण्याचा कायदा केला. 2021 मध्ये टक्का 0.5 वर आणला. 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलं की 2027 पर्यंत 0.3 वर नेणार, कारण संरक्षणाला पैसे हवेत. हा 0.7 टक्क्यांचा वायदा संयुक्त राष्ट्रांत 1970 मध्ये झाला होता. 2024 मध्ये तो पाळणारे देश किती? नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क.

चार.

परक्या मर्जीचा चटका महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला नवा नाही. साठच्या दशकातला अमेरिकेचा लाल गहू ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून घेतला, त्यांना विचारा. तो गहू ज्या अमेरिकी कायद्याखाली यायचा तो पीएल 480, 1954 चा. अमेरिकेत गहू जास्त झाला होता, आपल्याकडे कमी होता. दोघांची सोय झाली.

सोय होती तोवर ठीक चाललं. 1965 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार थांबवला आणि गहू थोडा थोडा, महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला हा एक दबाव. व्हिएतनामबद्दल बोलू नका हा दुसरा. 1966 मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. म्हणजे त्या धान्यावर जगणाऱ्यांचं पोट एका माणसाच्या मनःस्थितीवर अवलंबून होतं.

त्याच वर्षी 6 जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर 4 रुपये 76 पैशांचा होता, तो साडेसात रुपयांचा झाला. बदल्यात मोठ्या मदतीची आशा दाखवली होती. ती मदत पुरती आलीच नाही.

अवमूल्यन मात्र पुरतं झालं.

1971 च्या डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध पेटलं आणि अमेरिकेने भारताची 8.76 कोटी डॉलरची मदत रोखली. एव्हाना हरितक्रांतीचा गहू कोठारात आला होता. आपण पीएल 480 चा गहू घेणं थांबवलं. इंदिरा गांधी ताठ उभ्या राहिल्या त्यामागे धैर्य होतं, आणि पंजाबचं पीकही होतं.

मग 1972 चा दुष्काळ. मिलो आणि सुकडी हे शब्द काढले की मराठवाड्यातली, सोलापूर-नगरकडची सत्तरी ओलांडलेली माणसं अजूनही गप्प होतात किंवा बोलायची थांबत नाहीत. बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, खाऊन माणसं जगली. ते अन्न नाकारणारा मी कोण? ज्याने पाठवलं त्याचे आभारच.

पण महाराष्ट्राला उभं केलं ते मिलोने नाही. रोजगार हमीने केलं.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात 1965 मध्ये त्यांनी एक प्रयोग केला: मागेल त्याला काम. दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. कलेक्टरच्या दारात मजूर उपकार मागायला उभा राहत नव्हता. त्याचं येणं निघत होतं.

पैसा कुठून आला? तुमची पगाराची स्लिप काढा. व्यवसाय कर दिसेल. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये लागू झाला तो रोजगार हमीसाठी. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या कामगाराने भरला, मंत्रालयातल्या कारकुनाने भरला आणि बीडच्या मजुराच्या हातात तो मजुरी होऊन पडला. या तिघांची कधी भेट झाली नाही. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

मानायची गरजच नव्हती. कायद्यात लिहिलेलं होतं.

मदतीला आभार लागतात, हक्काला पावती लागते. मला पावती हवी आहे.

मदत घेणारा आळशी होतो, असंही एक ठरलेलं वाक्य आहे. ते बोलणाऱ्याने शहाड स्टेशनवर उतरून उल्हासनगरच्या बाजूला चालत जावं. फाळणीत सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली माणसं इथल्या लष्करी छावण्यांत उतरली. 1949 मध्ये शहर वसलं. सरकारने छप्पर दिलं, जागा दिली. पुढचं त्यांनी केलं. फर्निचर, कपडे, जीन्स, मिठाई, यंत्रांचे सुटे भाग. अर्धा ठाणे जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जातो.

छप्पर कुणी काढून घेतलं नाही, म्हणून दुकान उभं राहिलं.

आता कर्जाकडे वळू. परदेशी मदतीतला मोठा भाग दान नसतोच, कमी व्याजाचं कर्ज असतं. पांढऱ्या-जांभळ्या लोकल 2007 पासून धावू लागल्या, त्यामागे जागतिक बँकेचं कर्ज होतं. 2002 मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचं. ते आपण फेडायचं होतं. म्हणून वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं तरी गाडी कारशेडला परत गेली नाही.

त्याच प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी कुर्ल्याच्या दुकानदारांना हलवायचं ठरलं. दुकानदार महापालिकेकडे गेले, एमएमआरडीएकडे गेले. दाद लागली नाही. 2004 मध्ये त्यांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी पथकाकडे तक्रार केली. पथकाने तक्रार उचलून धरली. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा रोखला. मग इकडच्या यंत्रणेला जाग आली. जूनअखेर बंदी उठली.

कुर्ल्याच्या दुकानदाराचं मुंबईत कुणी ऐकलं नाही, वॉशिंग्टनमध्ये ऐकलं. ही आपल्याला लाज वाटायची गोष्ट आहे.

आणि शिकायचीही. इथेही पैसा थांबला होता. पण थांबवायला कारण होतं, तक्रार होती, चौकशी होती, काय केलं की पुन्हा सुरू होईल हे लिहिलेलं होतं. कल्याणच्या दवाखान्याच्या वाट्याला यातलं काय आलं?

कर्जाची दुसरी बाजू ठाण्याच्या अंगणात दिसते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. जपानच्या जायकाचं कर्ज, व्याज 0.1 टक्का, फेड 50 वर्षांत, पहिली 15 वर्षं हप्ता नाही. मूळ खर्च 1 लाख 8 हजार कोटी धरला होता, त्यातला साधारण 81 टक्के जपानी कर्जातून. ठाण्याचं स्टेशन दिव्याजवळ म्हातार्डीला. तंत्र जपानी शिंकान्सेनचं. याहून स्वस्त पैसा शोधून सापडणार नाही.

पण हा स्वस्त पैसा बुलेट ट्रेनलाच का मिळतो? कारण विकायला जपानकडे शिंकान्सेन आहे. कल्याण-कसारा मार्गावर तिसरी लाइन वर्षानुवर्षं रखडली आहे. शहाड, आंबिवली, टिटवाळ्याची माणसं दाराला लोंबकळून जातात. त्या तिसऱ्या लाइनसाठी 0.1 टक्क्याने पन्नास वर्षांचं कर्ज घेऊन टोकियोहून कुणी आलं का?

येणार नाही. देणाऱ्याला जे विकायचं असतं त्याला मदत मिळते. आपली गरज आपल्यालाच मांडावी लागते, आणि ती मांडायचं काम मुंबई-दिल्लीतल्या आपल्या लोकांचं आहे, जपानचं नाही.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्यांना आता एक कडू घोट.

आपणही देणारे झालो आहोत.

2003 च्या अर्थसंकल्पात जसवंतसिंह यांनी जाहीर केलं की मोजके मोठे देश सोडून इतरांची छोटी छोटी मदत आपण यापुढे घेणार नाही. जिल्हा परिषदेच्या ठेवीएवढी रक्कम देऊन वर सल्ले देणाऱ्यांना नमस्कार केला, ते बरं झालं. आता कफ परेडला मुख्यालय असलेली एक्झिम बँक भारत सरकारच्या वतीने आफ्रिका-आशियातल्या देशांना सवलतीची कर्जं देते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात परदेशांच्या मदतीसाठी 5,483 कोटी ठेवले. सर्वांत मोठा वाटा भूतानचा, 2,150 कोटी.

'आमच्या रस्त्यात खड्डे आणि भूतानला पैसे?' हा आपला गैरसमज. त्या वर्षीचं केंद्राचं अंदाजपत्रक 50 लाख 65 हजार कोटींचं. म्हणजे शंभर रुपयांतले अकरा पैसे. शहाडच्या पुलाखाली पाणी तुंबतं ते भूतानमुळे तुंबत नाही. ज्या कचेरीने नाला साफ करायचा तिला जाब विचारा.

भूतानच्या नद्यांवर आपण वीज प्रकल्प उभारले, त्यातली वीज आपण विकत घेतो, त्यांच्या तिजोरीत पैसा जातो. सेनेगलच्या भातशेतीला भारतीय कर्जातून किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप गेले आणि तिथलं भाताचं पीक वाढलं. 1964 पासून आयटेक योजनेत गरीब देशांचे कारकून, इंजिनिअर, परिचारिका भारतात येऊन शिकून जातात. हे अभिमानाने सांगावं असं काम आहे.

न सांगण्यासारखंही आहे. इथिओपियाच्या साखर कारखान्यांना 64 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तेंडाहोचा कारखाना मुदतीत उभा राहिला नाही, वर्षं वाया गेली. आपल्या कर्जातून होणाऱ्या खरेदीतला साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. जपानने शिंकान्सेन बांधून दिली तर आपण नाकं मुरडतो. इथिओपियाच्या शेतकऱ्याने आपल्याकडे बघून काय करावं?

आणि मर्जीचं काय?

जुलै 2013. भूतानमध्ये निवडणुकीच्या दोन फेऱ्या होत्या. नेमक्या त्यांच्या मध्ये, 1 जुलैपासून, भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत काढून घेतली. भूतानचं तेव्हाचं सरकार चीनशी जवळीक करतं म्हणून, असंच तिथे अनेकांनी धरलं. सरकार बदललं, सवलत परत आली. थिंपूच्या गृहिणीने सिलिंडरला दुप्पट पैसे मोजले. तिला दिल्लीत मत होतं का?

जॉन्सन यांनी गव्हाचं जे केलं, ते आपण गॅसचं केलं.

मालदीव बघा. 2023-24 मध्ये मदतीचा सुधारित आकडा 770 कोटींचा. 'इंडिया आउट' म्हणणारं सरकार आलं, पुढच्या वर्षीची तरतूद 400 कोटी. सूर जुळले, 2025-26 मध्ये 600 कोटी. राजनीती असते, ती असणारच. पण त्या पैशातून मालदीवच्या बेटांवर ज्या सोयी उभ्या राहतात, त्या वापरणाऱ्या कोळ्याने राजनीती केली नव्हती.

सर्वांत दुखरी गोष्ट पुण्याची. जानेवारी 2021 मध्ये सीरमची कोविडची लस 'व्हॅक्सिन मैत्री' म्हणून शेजाऱ्यांकडे निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, आपल्या स्मशानांत रांगा लागल्या आणि निर्यात थांबली. कारण खरं होतं. आपली माणसं मरत असताना लस बाहेर पाठवा, असं कोण म्हणणार?

पण नेपाळच्या लाखो म्हाताऱ्यांनी पहिला डोस घेतला होता. दुसऱ्यासाठी ते महिनोन् महिने थांबले. आफ्रिकेला लस पोचवणारी कोव्हॅक्स योजना सीरमवर भिस्त ठेवून होती, ती लंगडी झाली. कारण खरं असूनही त्यांचं नुकसान खरंच होतं. दिल्लीने त्यांना किती आधी सांगितलं? दुसरा कुठला पुरवठा जोडून दिला? टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे विचारलं नाही.

तेव्हा विचारलं असतं तर कल्याणच्या दवाखान्याबद्दल बोलताना आवाज जास्त खणखणीत लागला असता.

द्यायचं कसं हे महाराष्ट्राला नव्याने शिकायला नको. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे चोळकर होते, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. भारत तेव्हा स्वतः पारतंत्र्यात, खिशात दिडकी नाही. बाकीचे परतले. कोटणीस आघाडीवरच्या रुग्णालयात राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. चीनशी आपलं पुढे युद्ध झालं, सीमेवर आजही सैन्य समोरासमोर आहे. चिनी माणूस कोटणीसांचं नाव मात्र अजून घेतो.

कोटणीस थांबले, म्हणून.

प्रत्येकाने मरेपर्यंत थांबावं, असं कुणी म्हणत नाही. देशांना मदत थांबवावी लागते, धोरणं बदलतात, तिजोऱ्या आटतात. निघताना दार कसं लावायचं, एवढं तरी आधी ठरवा.

म्हणून दोन मागण्या. एक राज्य सरकारकडे. तृतीयपंथीयांच्या आरोग्याची केंद्रं राज्याच्या अंदाजपत्रकात आणा. कायदा 2019 चा आहे, नवा विचार करायचा नाही, फक्त पैसे टाकायचे आहेत. महापालिकांच्या रुग्णालयांत जागा आहेत. काम येणारी, आजार समजणारी, त्या समाजाचा विश्वास कमावलेली माणसं या प्रकल्पांनी तयार करून ठेवली आहेत. ती पांगण्याआधी त्यांना नेमणूक द्या.

व्यवसाय कर भरणाऱ्या शहाडकरांनी हा खर्च आपला समजावा. त्या दवाखान्यात जाणारी माणसं आपल्याच गाडीने जातात, आपल्याच डब्यात. त्यांना पाहून खिडकीबाहेर बघायची आपल्याला सवय झाली आहे. अमेरिकेने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पाठ फिरवली. आपण तर अजून पाहिलंही नाही.

दुसरी मागणी दिल्लीकडे. भारताच्या परदेशी मदतीला स्वतःचा कायदा नाही. रक्कम अर्थसंकल्पात दिसते, संसदेची समिती अहवालही लिहिते, पण मदत अचानक तोडली तर कुणाला काय उत्तर द्यायचं हे कुठेच बांधलेलं नाही. कायदा करा. ब्रिटनने कायदा असूनही टक्का कापला, हे ठाऊक आहे. पण मंत्र्याला संसदेत उभं राहून कारण द्यावं लागलं, खासदारांनी भांडून घेतलं, पेपरांत ते छापून आलं. आपल्याकडे तेवढंही होत नाही.

कायद्यात काय हवं? औषध, अन्न, इंधन आणि पाणी यांची मदत किमान वर्षभराची सूचना दिल्याशिवाय थांबवायची नाही. थांबवायचीच झाली तर संसदेत लेखी कारण द्यायचं. आणि ज्यांच्यासाठी मदत आहे त्या परक्या माणसाला तक्रार करता येईल असं एक दार दिल्लीत उघडं ठेवायचं. कुर्ल्याच्या दुकानदाराला वॉशिंग्टनमध्ये जे मिळालं, ते थिंपूच्या गृहिणीला दिल्लीत मिळायला काय हरकत आहे?

जगाला रीत शिकवायची असेल तर ती आधी आपल्या कायद्यात लिहावी लागेल. शहाडची माणसं लोकसभेसाठी कुणी कल्याणला मत देतं, कुणी भिवंडीला. दोन्हीकडच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर 'विचाराधीन आहे' असं आलं, तर त्याच्या पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारावा.